आधी नापास होऊन दाखवा

कोलेट डिशेनचं तोंड बंद कसं करायचं, हा प्रश्न आधी तिच्या आईला पडला, मग शाळेतल्या सिस्टरांना, आणि पुढे अमेरिकेतल्या मेन राज्याच्या विधिमंडळालाही. बाप आर्मां लाकडाचा ट्रक चालवायचा. जंगलातून ओंडके भरून आणायचे आणि गिरणीवाल्याशी मापावरून भांडायचं, ही दोन्ही कामं तो सारख्याच आवडीनं करी. लेक शेजारच्या सीटवर बसून ऐकायची. घरात फ्रेंच, शाळेत इंग्रजी, आणि नदीपलीकडे कॅनडातल्या मावशीकडे दोन्हींची खिचडी. त्यामुळे तिला वाद घालायला कुठलीच भाषा कमी पडली नाही. पाद्रीबाबा तिच्या आईला म्हणाले होते, "हिला वकील तरी करा, नाही तर मठात तरी पाठवा. मधलं काही जमायचं नाही."

ती डॉक्टर झाली. व्हरमाँटला शिकली आणि शिकून झाल्यावर आपल्या गावी, टिबोडो मिल्सलाच परत आली. बरोबरीची मंडळी बॉस्टनकडे गेली. ही का परत आली, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "इथला बर्फ ओळखीचा आहे." अग्निशमन दलाच्या गाड्या ठेवायच्या शेडसमोर तिनं दवाखाना थाटला. गावातल्या निम्म्या पोरांना तिनंच जगात आणलं, आणि त्यांच्या आजोबांना शेवटचं पाणीही बऱ्याचदा तिच्याच देखत मिळालं. बटाट्याच्या हंगामात काढणीयंत्रात बोटं घालून येणारे, जंगलात करवतीनं मांडी फाडून घेणारे, मूस नावाच्या दांडग्या हरणाला गाडी धडकवून दात पाडून घेणारे, सगळे तिच्याकडेच. शिवता शिवता ती रागवायची आणि रागवता रागवता शिवायची. लोकांना तिच्या शिव्यांची इतकी सवय झाली होती की ती गप्प राहिली तर पेशंट घाबरत.

तिच्या आयुष्यात कायदेबियदे आले ते गिल्मन पेल्कीमुळे.

गिल्मन जंगलात झाडं पाडायचं मोठं यंत्र चालवायचा. आडवा-उभा गडी, पण लहानपणापासून दमा. कोलेटनं बरीच खटपट करून त्याला लागू पडेल असा एक पंप शोधून काढला होता आणि कित्येक वर्षं त्याची छाती शांत होती. मग एका जानेवारीत विमा कंपनीनं औषधांची यादी बदलली. गिल्मनचा पंप यादीतून गेला. हवा असेल तर आगाऊ परवानगी मागा, असा निरोप आला. कोलेटनं मागितली. उत्तर आलं की पेशंटनं आधी यादीतलं स्वस्त औषध वापरावं, त्यानं गुण आला नाही असं दिसलं तरच जुन्या पंपाचा विचार होईल. म्हणजे सरळ भाषेत, आधी नापास होऊन दाखवा.

तिनं फोन लावला. या खिडकीतून त्या खिडकीत पाठवत शेवटी कंपनीच्या डॉक्टराशी गाठ घालून दिली. माणूस सभ्य होता.

"हे स्वस्त औषध यानं पूर्वीच घेऊन पाहिलंय," कोलेट म्हणाली. "तेव्हाही रुग्णालयात गेला होता."

"ते दुसऱ्या विमा कंपनीच्या काळात, डॉक्टर. आमच्याकडे त्याची नोंद नाही."

"छाती तीच आहे ना पण? विम्याबरोबर छाती बदलली नाही त्याची."

"मी समजू शकतो."

"तुम्ही कशाचे डॉक्टर?"

पलीकडून उत्तर आलं, "मी निवृत्त आहे. पूर्वी डोळ्यांची ऑपरेशनं करायचो."

कोलेटनं फोन ठेवला आणि गिल्मनला नमुन्यादाखल आलेले होते नव्हते तेवढे पंप देऊन टाकले. ते संपले. फेब्रुवारीत जंगलात, यंत्राच्या काचबंद खोलीत, त्याची छाती आवळली. जोडीदारानं त्याला बर्फावरून ओढत रस्त्यापर्यंत आणलं. तिथून हेलिकॉप्टरनं बँगरच्या मोठ्या रुग्णालयात नेलं, आणि बरेच दिवस तो नळ्या लावून पडला होता. वाचला. घरी आला तेव्हा खांदे अर्धे राहिले होते. नापास झाल्याचा पुरावा आता भक्कम होता, म्हणून परवानगीही लगेच आली.

ज्या दिवशी परवानगी आली त्या दिवशी कोलेटनं राज्याच्या डॉक्टर संघटनेला फोन केला. वर्षानुवर्षं ती वर्गणी भरायची आणि त्यांची मासिकं शेकोटीला वापरायची. फोन हॉलिस वॉर्डवेलनं उचलला. हा संघटनेची बाजू विधिमंडळात मांडणारा माणूस, डॉक्टर नव्हे. किनाऱ्याकडचा, लॉबस्टरवाल्यांच्या घरातला. बोलणं असं की शब्दाला जकात लागते.

"मला कायदा बदलायचाय," कोलेट म्हणाली.

"बरं," हॉलिस म्हणाला. "त्याचं एक विधेयक आलेलंच आहे. ऑगस्टाला या. बोलायला तीन मिनिटं मिळतील."

"तीन मिनिटांत काय होतं?"

"जास्त दिली तर बिघडतं."

ऑगस्टा, राज्याची राजधानी, म्हणजे टिबोडो मिल्सहून अर्ध्या दिवसाचा रस्ता. कोलेट पहाटे निघाली, घुमटाच्या इमारतीत पोचली आणि विमा समितीच्या खोलीत जाऊन बसली. समोर अध्यक्षाच्या खुर्चीत सिनेटर क्लोव्हिस गेरेट. हा तिच्याच गावचा. बटाट्याचा शेतकरी, नदीकाठानं त्याची शेतं, तिच्या बापाचा पत्त्यातला जोडीदार, आणि रक्तदाबासाठी तिचाच पेशंट. घोड्यासारखा कष्टाळू आणि तसाच अडेल. त्यानं तिला पाहून मान हलवली, पण ओळखीचं हसू दिलं नाही. खुर्चीत बसलं की तो गावाला विसरायचा, यात त्याला अभिमान होता.

कोलेट बोलायला उभी राहिली आणि जे डॉक्टर मंडळी करतात तेच तिनं केलं. अभ्यास सांगितले, टक्केवारी सांगितली, श्वासनलिकेची सूज समजावून सांगितली. गिल्मनपर्यंत पोचायच्या आतच टेबलावरचा लाल दिवा लागला.

"धन्यवाद, डॉक्टर," क्लोव्हिस म्हणाला.

"माझं अजून व्हायचंय."

"दिव्याचं झालंय. एकच प्रश्न विचारतो. विमा कंपनीला नवा नियम लावला की हप्ता वाढतो. माझ्या भागातला शेतकरी आपल्या माणसांचा विमा कसाबसा भरतो. उद्या त्यानं तो बंद केला तर तुमच्या या पंपाचं काय करायचं?"

प्रश्न वाजवी होता. कोलेट कागद गोळा करून खाली बसली. विधेयक समितीतच निजलं.

बाहेर संगमरवरी जिन्यावर हॉलिसनं तिला कागदी पेल्यात कॉफी दिली.

"वाईट बोलले का मी?"

"डॉक्टरांपुढे बोलला असतात तर छान होतं. ती माणसं जेवायची वाट बघत होती. त्यातला एक मासेमारी करतो, एक शाळेत शिकवते, एकीचं केशकर्तनालय आहे. श्वासनलिका कुणाच्या डोळ्यापुढे येत नाही. तुमचा तो लाकूडतोड्या आला असता."

"मूर्खासारखं वाटतंय."

"पुढच्या वेळी कमी वाटेल," हॉलिस म्हणाला. त्याच्या हिशेबी हे कौतुकच होतं.

कोलेटला हार पचत नसे, पण तिचं तिला वाईटही फार वेळ वाटत नसे. परतीच्या रस्त्यात तिनं अध्यक्षाला मनातल्या मनात फ्रेंचमध्ये यथेच्छ झापलं, वाटेत बीन्स आणि सॉसेज खाल्लं, आणि घरी पोचेपर्यंत ठरवलं की पुढच्या अधिवेशनाला हप्त्यांच्या प्रश्नाचं उत्तर घेऊनच जायचं. दुसऱ्या राज्यांनी असा कायदा केला होता. तिनं तिथल्या डॉक्टरांना फोन करकरून हैराण केलं. विषय पाठ झाला. आणि तीन मिनिटांत बोलायचा सराव तिनं चक्क पेशंटांवर केला. कुणाच्या पाठीला मलम लावता लावता म्हणायची, "ऐक, आणि कुठं कंटाळा आला ते सांग." लोक सांगायचे. टिबोडो मिल्समध्ये कंटाळा लपवायची पद्धत नाही.

त्याच हिवाळ्यात क्लोव्हिसची बायको थेरेज दवाखान्यात आली.

थेरेज शाळेची बस चालवायची. गावातली दोन पिढ्यांची पोरं तिनं बर्फातून शाळेत नेली होती, आणि तिच्या बसमध्ये दंगा करायची एकाचीही छाती झाली नव्हती. तिच्या हातांना सांधेवात धरला होता. कोलेटनं बँगरच्या सांध्यांच्या डॉक्टरांकडून औषध ठरवून आणलं, विमा कंपनीला परवानगी मागितली, आणि पुन्हा तेच उत्तर आलं. आधी हे घ्या, मग ते घ्या, मग बघू. एक औषध झालं, दुसरं झालं. तेवढ्या काळात थेरेजच्या उजव्या हाताची बोटं बाहेरच्या बाजूला वळली. सुकाणू धरवेना. तिनं बस सोडली.

"क्लोव्हिसला काय सांगितलंस?" कोलेटनं विचारलं.

"कंटाळा आला म्हटलं. पोरं द्वाड झालीत म्हटलं."

"आणि हात?"

"वय झालं म्हटलं. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही, त्याच्याही गुडघ्यांचं वय झालंय." थेरेजनं हातमोजे घालायला सुरुवात केली. त्याला वेळ लागत होता आणि कोलेटनं मदत केलेली तिला चालली नसती. "विम्याचं त्याला कळता कामा नये, कोलेट. तो त्या समितीवर आहे. माझ्यामुळे त्यानं मत बदललं तर लोक म्हणतील, बायकोसाठी कायदा केला. आणि नाही बदललं, तर मला त्याच्यासोबत एका टेबलावर जेवता यायचं नाही. दोन्ही नको."

"माझ्या तोंडून जाणार नाही."

"तुझ्या तोंडून सगळं जातं."

"पेशंटचं नाही," कोलेट म्हणाली, आणि हे थेरेजलाही माहीत होतं, म्हणून तर ती बोलली होती.

पुढच्या अधिवेशनात विधेयक पुन्हा आलं. या वेळी त्यात दोन सरळ गोष्टी होत्या. पेशंटनं एखादं औषध पूर्वी घेऊन गुण आला नसेल तर, विमा कुणाचाही असो, त्याला पुन्हा त्याच औषधात नापास व्हायला लावायचं नाही. आणि नकार द्यायचा तर तो त्याच आजाराच्या डॉक्टरानं द्यायचा. उत्तराला उशीर झाला तर कंपनीला दंड, अशी तिसरीही गोष्ट होती. ती कोलेटची लाडकी.

सुनावणीच्या आदल्या दिवशी हॉलिसनं तिला आणि गिल्मनला ऑगस्टाच्या एका खाणावळीत गाठलं. गिल्मन हात धुवायला गेल्यावर तो हलक्या आवाजात म्हणाला, "तुमच्या गावात म्हणतात, अध्यक्षांच्या बायकोनं बस सोडली. हातांमुळे. विम्याची काही भानगड होती का?"

"गावात पुष्कळ म्हणतात."

"तुम्ही तिच्या डॉक्टर आहात. नाव घ्यायची गरज नाही. एक बसवाली बाई, एवढं म्हटलं तरी त्यांना कळेल."

कोलेटनं काटा खाली ठेवला. "हॉलिस, हे पुन्हा बोललात तर मी गाडीत बसून घरी जाईन, आणि जाताना तुमची वर्गणीही बंद करीन."

"त्यानं जिंकू, डॉक्टर."

"मग दुसऱ्या दिवशीपासून माझ्यासमोर शर्ट कोण काढेल? बिनबसवालीचं जिंकू. नाही तर पुन्हा येऊ."

हॉलिसनं मान डोलावली आणि गोड म्हणून ॲपल पाय मागवला. तो विषय त्यानं परत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी आधी गिल्मन बोलला. लग्नाला घालायचा कोट घातला होता, तो आता अंगावर लोंबत होता. "मी यंत्रावर होतो," तो म्हणाला. "खिडकी उघडली, कारण वाटलं आत हवा नाही. बाहेरही नव्हती. मला ठाऊक होतं की जो पंप पाहिजे तो गावातल्या औषधाच्या दुकानात, काउंटरच्या मागे ठेवलाय. आता मी यंत्रावर चढू शकत नाही. गिरणीच्या फाटकावर बसतो. बस, एवढंच सांगायचंय." लाल दिव्याला बराच वेळ शिल्लक होता. केशकर्तनालयवाल्या बाईंनी चष्मा काढून पुसला.

मग कोलेट. श्वासनलिकेचं तिनं नावही काढलं नाही. दुसऱ्या राज्यांत हप्त्यांचं काय झालं ते शेतकऱ्याला कळेल असं सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरचा किस्सा सांगितला तेव्हा खोलीत हशा पिकला आणि त्या हशातच तिनं बोलणं संपवलं.

क्लोव्हिस हसला नव्हता. तो पुढे वाकला.

"पेल्की माझ्याच गावचा. त्याच्याबद्दल वाईट वाटतं. पण एका माणसावरून राज्याचा कायदा करत नाहीत. डॉक्टर, तुम्ही इतकी वर्षं माझ्या भागात आहात. आणखी एक नाव सांगा. माझ्या गावातलं, मला माहीत असलेलं. एकच."

हॉलिस मागच्या भिंतीला टेकून आपल्या बुटांकडे बघत होता. कोलेटच्या जिभेवर ते नाव होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला बोलण्यापेक्षा न बोलण्याला जास्त जोर लावावा लागला.

"नावं आहेत, अध्यक्ष महोदय," ती म्हणाली. "तुमच्या ओळखीची आहेत. मी ती सांगणार नाही. गिल्मन स्वतःच्या पायांनी आला, बाकीचे आले नाहीत, तो त्यांचा अधिकार. तुमच्या घरचं काही मला माहीत असेल, तर ते मी या खोलीत सांगावं असं तुम्हालाही वाटणार नाही."

हे वाक्य ती डॉक्टर म्हणून बोलली होती, उदाहरणादाखल. तोंडातून गेल्यावर तिला वाटलं, आपण जरा जास्तच बोललो.

क्लोव्हिसनं तिच्याकडे पाहिलं. "धन्यवाद," तो म्हणाला, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

समितीच्या सुनावण्या घरबसल्या ऐकता येतात. टिबोडो मिल्सला स्वयंपाकघरात थेरेज प्लोय, म्हणजे कुट्टूच्या पिठाची धिरडी, भाजत ऐकत होती. नवऱ्याचा प्रश्न तिनं ऐकला, कोलेटचं उत्तरही ऐकलं. शनिवारी क्लोव्हिस घरी आला तेव्हा तिनं त्याला टेबलाशी बसवलं, आपले दोन्ही हात त्याच्यासमोर ठेवले आणि सगळं सांगितलं.

सोमवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच तो दारात उभा होता. टोपी हातात, टोपीवर बर्फ.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"मी सगळ्यांसमोर तुला विचारलं. चिथावलंच म्हण. आणि तू गप्प बसलीस. तू, पोरी. आर्मांची लेक."

"मलाही जड गेलं, क्लोव्हिस."

तो बाकावर बसला. टोपीवरचा बर्फ झटकला. "तीस वर्षं तिच्याशेजारी झोपतो. मला वाटलं, पोरं द्वाड झालीत म्हणून बस सोडली."

"तुम्हाला कळू नये म्हणूनच तिनं तसं सांगितलं. चांगलं सांगितलं तिनं. माझाही विश्वास बसला असता."

"आता मी मत बदललं तर लोक म्हणतील बायकोसाठी केलं."

"तीही हेच म्हणाली होती."

"मग मी काय करू?"

"ते मला का विचारता? मी रक्तदाब बघते." तिनं त्याची बाही वर केली आणि पट्टा बांधला. पारा वर गेलेला होता. "मीठ कमी करा. आणि लोक काय म्हणतील याची भीती असेल, तर सगळ्यांच्या आधी तुम्हीच म्हणून टाका."

त्यानं पट्टा काढू दिला, बाही खाली केली, बटण लावलं. मग शेतकऱ्याच्या आवाजात म्हणाला, "दंड काढायचा."

"काय?"

"विधेयकातला दंड. तो काढलास तर मी सहन करीन. दंड ते हप्त्यातच घालतील, लिहून ठेव. उत्तराला उशीर झाला तर परवानगी मिळालीच असं धरायचं. दंड नको, परवानगीच द्या. पंप तरी मिळेल."

त्याचं म्हणणं तिच्या लाडक्या दंडापेक्षा चांगलं होतं, आणि ते मान्य करायला तिला दोन श्वास लागले. "हे गेल्या वेळीच का नाही सुचवलंत?"

"गेल्या वेळी तू मला श्वासनलिका शिकवत होतीस."

सिनेटच्या सभागृहात क्लोव्हिस गेरेट फार बोलला नाही. तो उभा राहिला आणि म्हणाला की या विधेयकाला त्यानं एकदा निजवलं होतं, आता ते उठवतोय. त्याच्या घरात हा आजार आणि हा नकार दोन्ही येऊन गेलेत. ज्याला त्यात क्लोव्हिसचा स्वार्थ दिसतो त्यानं खुशाल दिसू द्यावा, आणि मत मात्र गिल्मन पेल्कीकडे बघून द्यावं. गिल्मन वर गॅलरीत कोलेटशेजारी बसला होता. सगळ्यांनी मान वर केल्यावर तो कावराबावरा झाला आणि त्यानं चक्क हात हलवला. विधेयक आरामात पास झालं. खालच्या सभागृहात थोडी ओढाताण झाली, हॉलिसनं दोन दिवसांत वर्षभराचे शब्द खर्च केले, आणि शेवटी त्यावर सही झाली.

कायद्यानं थेरेजची बोटं सरळ झाली नाहीत. औषध मात्र मिळालं, डावा हात वाचला, आणि ती आता नव्या बसवाल्याला, तरुण पोराला, कुठल्या वळणावर बर्फ साचतो ते शेजारी बसून ओरडून शिकवते. गिल्मन फाटकावरच आहे. तिथं बसून ओंडक्यांची मापं घेतो आणि ट्रकवाले त्याच्याशी भांडतात. विमा कंपनीचे फोन अजून येतात. परवा एका नकारावर कोलेटनं ठरलेला प्रश्न विचारला, "तुम्ही कशाचे डॉक्टर?" पलीकडचा म्हणाला, "फुप्फुसांचा." मग दोघं नीट, दोन डॉक्टर बोलतात तसं बोलले, आणि परवानगी मिळाली.

कोलेटच्या तोंडाला मात्र आता विधिमंडळाची चव लागली. नदीकाठच्या गावांतले बाळंतपणाचे विभाग एकेक करून बंद होतायत; बंद करण्याआधी गावाला विचारलंच पाहिजे, असं विधेयक तिनं हॉलिसला तयार करायला लावलंय. क्लोव्हिस त्याच्या विरोधात आहे. रुग्णालय तोट्यात चालवा म्हणून कायदा करता येत नाही, असं त्याचं म्हणणं.

सुनावणीच्या दिवशी वादळ होतं आणि कोलेटच्या गाडीला चांगले टायर नव्हते, म्हणून ती क्लोव्हिसच्याच पिकअपमधून ऑगस्टाला निघाली. थेरेजनं दोघांना डबा बांधून दिला. गाव संपायच्या आत वाद सुरू झाला. वाटेतल्या हूल्टनपर्यंत क्लोव्हिस बोलला, पुढे कोलेट.

"तू थकत कशी नाहीस गं?" त्यानं काचेवरचा वायपर सुरू करत विचारलं.

"अजून माझी तीन मिनिटं सुरू कुठं झालीत," ती म्हणाली, आणि पुढचा मुद्दा काढला.